हुमणात पडलेली मिशी

गेल्या पावसात भाच्याने लॅपटॉपवर एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावून दिला, म्हणाला मामा हा बघ, नाटकवाल्यांचा आहे, तुला आवडेल. बाहेर आमच्या गोव्यातल्या फोंड्याचा पाऊस, म्हणजे तुम्हाला माहीत असेलच, समोरच्या घराचं छप्परही दिसत नाही असा. लाईट जाईल की काय या भीतीत मी बघायला बसलो आणि तासाभराने इतका हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, ह्याला काय झालं. मी तिला सांगायला लागलो, अगं ही आमचीच गोष्ट आहे, हे पोलंडमधलं वगैरे सगळं ठीक, पण ही आमचीच गोष्ट आहे. ती म्हणाली, तुमची कुठली गोष्ट. तेव्हा लक्षात आलं की तीस वर्षांत मी हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. का नव्हतं ते पुढे कळेल.

सिनेमाचं नाव ‘टू बी ऑर नॉट टू बी’. 1942 सालचा, अर्न्स्ट लुबिच नावाच्या दिग्दर्शकाचा. हा लुबिच बर्लिनचा, 1892 चा जन्म, घरात शिवणकामाचा धंदा, आणि तरुणपणी माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत बारीकसारीक कामं करायचा. म्हणजे भाला धरून मागे उभं राहणाऱ्याला काय वाटतं हे त्याला आतून माहीत होतं, आणि सिनेमात ते जागोजाग दिसतं. गोष्ट वॉर्सातल्या एका नाटक कंपनीची. नाझी येतात, थिएटर बंद पडतं, नट बेकार. मग नाझींचा एक गुप्तहेर प्रोफेसर लंडनहून वॉर्सात येतो, त्याच्याकडे पोलंडमधे लपून काम करणाऱ्यांची माहिती असते, आणि ती गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हातात पडू नये म्हणून हे नट खोटं गेस्टापो ऑफिस उभारतात. नाझींवरच्या एका बंद पडलेल्या नाटकाचे युनिफॉर्म असतातच, सेट असतोच. नटांनीच गेस्टापो व्हायचं आणि खऱ्या हेराला फसवायचं.

आता यात विनोद कुठला असं वाटेल. त्या वेळच्या समीक्षकांनाही असंच वाटलं होतं, लोक मरतायत आणि हा थट्टा करतोय म्हणून लुबिचवर बरीच टीका झाली. त्यात सिनेमा रिलीज व्हायच्या आधीच नायिका कॅरोल लोंबार्ड 16 जानेवारी 1942 ला विमान अपघातात गेली. नायक जॅक बेनी, मूळचा विनोदी नट, त्याचे वडील सिनेमा बघायला गेले आणि मुलगा नाझी युनिफॉर्ममधे दिसल्याबरोबर उठून चालते झाले, हे बेनीनेच पुढे सांगितलंय. नंतर म्हातारबुवांनी तो सिनेमा कितीतरी वेळा पाहिला ते वेगळं.

आणि उठून जाणं हाच तर सिनेमातला मुख्य जोक. नायक योसेफ टुरा हॅम्लेट करतो. हळू हळू पुढे येतो, पुस्तकात बघतो, मान वर करतो आणि ते प्रसिद्ध स्वगत सुरू करतो. पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडतं न पडतं तोच दुसऱ्या रांगेतला एक तरुण एअरफोर्सवाला उठतो आणि बाकीच्यांचे गुडघे ओलांडत बाहेर जातो. टुराचा चेहरा बघा तेव्हा. त्याला वाटतं आपलं काम पडलं. खरं म्हणजे तो तरुण टुराच्या बायकोला भेटायला मेकअप रूममधे गेलेला असतो, स्वगत मोठं आहे, नवरा स्टेजवर अडकलेला आहे, म्हणून तिनेच ती खूण ठरवून दिलेली. म्हणजे बायको हातची जातेय याच्यापेक्षा प्रेक्षक उठला याचं दुःख त्याला जास्त. आपल्याकडे गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला, आगरकरांनी ‘विकारविलसित’ लिहून तो मराठीत आणलेला, शाहूनगरवासी मंडळीत. त्यांच्या स्वगताच्या वेळी कोणी उठायची हिंमत केली असती असं वाटत नाही.

गोव्यात मात्र उठतात. जत्रेच्या नाटकात स्वगत लागलं की अर्धा मांडव भजी खायला जातो, नाटक रात्री बाराला सुरू झालेलं असतं, पालखी झाल्यावर, आणि पहाटेपर्यंत चालायचं असतं, माणसाने कधीतरी उठायला नको? आम्हा जत्रेच्या नटांना त्याची सवयच. पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक आहेत, गॅलरीत बसलेले, जाडे बारीक, टोपीवाले. आमचा हिरो म्हणायचा, गोव्यात न उठणारे प्रेक्षक तेवढेच, तेही रंगवलेत म्हणून.

हा आमचा हिरो. नाव लिहीत नाही, अजून आहे तो, नातवंडं आहेत. हिरोच म्हणतो, आम्ही सगळे तेच म्हणायचो आणि त्यालाही ते आवडायचं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. कोकण रेल्वे यायची होती अजून, मुंबईचा माणूस गोव्यात यायचा तो रात्रीच्या बसने, अंग आंबून. आम्ही फोंड्याचे तिघंचौघं, स्पर्धेत नाटक करायचो, ब गटात, त्यात कधी उत्तेजनार्थ, कधी तेही नाही. पोटापाण्याला काहीबाही चालू होतं पण डोक्यात चोवीस तास नाटक. पैसे मिळायचे ते जत्रेच्या नाटकांत. बाहेरच्यांना सांगायला हवं, गोव्यात जवळपास प्रत्येक देवळाच्या उत्सवात मराठी नाटक असतं आणि ते गावातलीच माणसं करतात, पोस्टमन, मास्तर, दुकानवाला, भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, काम करणारा. दसऱ्यानंतर तालमी. पडदे भाड्याने, ड्रेस भाड्याने, बायकांची कामं करायला नटी बाहेरून, ती आदल्या दिवशी येते आणि एका तालमीत सगळं पाठ म्हणून दाखवते, गाववाल्यांना दोन महिन्यांत जे जमलेलं नसतं ते. आणि शिकवायला डायरेक्टर बाहेरचा. फोंड्याचा डायरेक्टर असेल तर दीड हजार रुपये. मुंबईचा असेल तर पाच हजार, शिवाय जाण्यायेण्याचं बसभाडं.

दीड आणि पाच. बाकी काही सांगायला नको.

गाव कुठलं ते सोडा. शेजारच्या गावाने आदल्या वर्षी बाजीप्रभू केला होता म्हणून ह्यांनाही बाजीप्रभूच करायचा होता, पण त्यांच्यापेक्षा भारी, आणि भारी म्हणजे मुंबईचा डायरेक्टर. कमिटीचा अध्यक्ष कोणाकोणाला विचारत होता. आमच्यातल्या एकाने, म्हणजे खरं तर मीच, कबूल करून टाकतो, सांगितलं की आमच्या ओळखीचा एक आहे मुंबईचा. मग रात्री बसस्टँडच्या मागच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाता खाता ठरलं की मुंबईचा डायरेक्टर हिरोनेच व्हायचं. त्यात एक घोळ होता. शेजारच्या गावातला आदल्या वर्षीचा बाजीप्रभू म्हणजे आमचा हिरोच, पाहुणा कलाकार म्हणून बोलावलेला. पण तेव्हा तोंडावर एवढी दाढी, कल्ले, पगडी, जखमांचा लाल रंग, आणि नाटक संपल्यावर मेकअपसकट पहाटेच्या बसने परत आलेला. त्याचा मोकळा चेहरा त्या भागात कोणी पाहिला नव्हता. तरी सेफ्टी म्हणून फ्रेंच कट दाढी-मिशी लावू असं ठरलं. क्रेपचे केस आणि स्पिरिट गम. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

असिस्टंट म्हणून आमचा प्रॉम्प्टर. हा माणूस म्हणजे काय सांगू. वीसेक नाटकं त्याला पाठ होती, पहिल्या नांदीपासून, आणि एकदाही तो पडद्याच्या पुढे आला नव्हता. विंगेत स्टुलावर बसायचा, एका हातात वही दुसऱ्यात टॉर्च, आणि नट अडकायच्या अर्धा सेकंद आधी त्याला कळायचं की हा आता अडकणार. मी सेक्रेटरी. माझ्याकडे बॅग आणि टेपरेकॉर्डर.

सकाळी फोंड्याहूनच निघालो पण तोंडं न धुता, केस विस्कटून, रात्रभर बसमधे बसल्यासारखे. ही प्रॉम्प्टरची आयडिया. अध्यक्षांच्या घरी पोचलो, मोठं चौक असलेलं घर, बलकावावर, म्हणजे ओसरीवर, कमिटीचे सातआठ जण बसलेले. हिरोने गॉगल काढला नाही. मराठी त्याने अशी लावली की मलाच ओळखू येईना, “मला ना, आधी स्पेस बघू दे” वगैरे. पहिली दहा मिनिटं छान गेली. अकराव्या मिनिटाला संहिता संपली.

सिनेमात हे बघताना मी ओरडलोच. टुरा खोटा गेस्टापो कर्नल होऊन त्या प्रोफेसरसमोर बसलाय, लिहून दिलेलं सगळं बोलून झालंय, आणि आता काय बोलायचं ते सुचत नाही. प्रोफेसरने सहज सांगितलेलं असतं की लंडनमधे तुम्हाला कॉन्सेन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट म्हणतात. तर हा तेवढंच पकडून बसतो. मला कॉन्सेन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट म्हणतात काय, असं हसून म्हणतो, थोड्या वेळाने परत तेच, परत तेच, आणि प्रोफेसरला संशय यायला लागतो. प्रॉम्प्टर नसलेला नट कसा दिसतो ते बघायचं असेल तर हा सीन बघावा. आणि खरी मजा पुढे, जेव्हा खरा कर्नल एरहार्ट भेटतो तेव्हा तोही बरोब्बर तसाच हसून तेच वाक्य म्हणतो.

आमच्या हिरोचं वाक्य होतं, “आमच्याकडे शिवाजी मंदिरला असं नसतं.” मांडव किती फुटांचा विचारलं, त्यांनी सांगितलं, हा म्हणाला आमच्याकडे शिवाजी मंदिरला असं नसतं. माईक दोन असतात सांगितलं, तेच. चहा आला, चहाबद्दलही तेच म्हणाला. दादरच्या शिवाजी मंदिरात हा आयुष्यात एकदाच गेला होता, बाल्कनीत, शेवटच्या रांगेत. माझ्या पोटात गोळा. पुढे पंधरा वर्षांनी एका स्पर्धेच्या वेळी खरेखुरे मुंबईचे एक दिग्दर्शक भेटले, ओळख झाली, आणि त्यांचं दुसरं वाक्य काय असावं? मी तिथून उठून बाहेर गेलो हसायला, त्या एअरफोर्सवाल्यासारखा.

पण खरी गंमत भाषेची झाली. गोव्यात आम्ही घरात कोंकणी बोलतो, स्टेजवर मराठी, पेपर मराठी वाचतो, भांडतो कोंकणीत, देवाला गाऱ्हाणंही कोंकणीत आणि आरती मराठीत. याच्यावरून मोठमोठे वाद झालेत, त्यात मला पडायचं नाही. सांगायचं एवढंच की मुंबईच्या माणसाला कोंकणी कळत नाही असं गृहीत धरून कमिटीवाले त्याच्यासमोरच आपापसात कोंकणीत बोलायला लागले. “ह्या मुंबयकाराक इतले पयशे कित्याक?” एक म्हणाला, म्हणजे ह्या मुंबईकराला एवढे पैसे कशाला. दुसरा म्हणाला गॉगल बघ त्याचा. हिरो मधे बसलेला, सगळं कळतंय, आणि चेहऱ्यावर काही कळत नसल्याचं दाखवायचंय. मी त्याला वीस वर्षं बघितलंय स्टेजवर, त्या बलकावावर त्याने जे काम केलं तसं परत कधी केलं नाही. डोळे जरासे बारीक, ओठांवर पाहुण्याचं हसू, मान एकदा ह्याच्याकडे एकदा त्याच्याकडे. जो ऐकतोय पण समजत नाही असा माणूस. त्याला कोणी टाळी देणार नव्हतं, द्यायचीच नव्हती, म्हणून ते इतकं चांगलं झालं असं मला आता वाटतं.

एवढ्यावर थांबला असता तर प्रश्नच नव्हता. पण नट तो.

सिनेमातला टुरा पण तसाच. पुढे तो त्या मेलेल्या प्रोफेसरचा वेश घेऊन खऱ्या एरहार्टसमोर बसतो, जीव मुठीत धरून, एक शब्द इकडेतिकडे झाला तर खेळ खलास, आणि अशा वेळी याला काय सुचावं, तर विषय काढतो की तो महान, महान पोलिश नट योसेफ टुरा, तुम्ही ऐकलं असेल त्याच्याबद्दल. सिनेमाभर सगळ्यांना हेच विचारत सुटलेला असतो, आणि कोणीही ऐकलेलं नसतं. एरहार्ट म्हणतो हो हो, युद्धाआधी पाहिलंय त्याला, त्याने शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. याच वाक्यावर त्या काळी सगळ्यात जास्त शिव्या पडल्या. मला विचाराल तर नटाला मारायचं झालं तर याहून धारदार हत्यार नाही.

तर बलकावावर आमच्या हिरोने गॉगल जरा वर केला आणि विचारलं, “तुमच्या फोंड्यात एक नट आहे म्हणे, मागच्या वर्षी इथे जवळच बाजीप्रभू केला त्याने. मुंबईत नाव ऐकलं. कसा आहे?”

प्रॉम्प्टरने डोळे मिटले.

अध्यक्ष मराठीत म्हणाले, चांगला आहे, मेहनती आहे. आणि शेजारच्याकडे वळून कोंकणीत, “बरो आसा रे, पूण मरपाक अर्दो तास घेता. पांचूय तोफो वाजल्यो तरी तो उलोवपाचो रावलो ना.” म्हणजे बरा आहे, पण मरायला अर्धा तास घेतो, पाचही तोफा वाजल्या तरी बोलायचा थांबला नाही. सगळे हसले. हिरो पण हसला, न समजता हसतात तसं, कारण पाहुण्याने यजमानांबरोबर हसायचं असतं. त्याचा कान मात्र लाल झालेला मला दिसत होता.

बाजीप्रभूचं हे असं आहे बघा. 1660 सालची घोडखिंड, महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत मरायचं नाही, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे नटाला मरण लांबवायचं अधिकृत लायसन्सच. तोफा वाजवायचं काम माझं होतं त्या शेजारच्या गावात, मांडवामागे सुतळी बाँब, आणि मी पाचही वाजवून हात झटकून उभा राहिलो तरी हा आत बोलतोच आहे, मी खिशात चाचपून बघतोय की एखादा उरलाय का.

जेवायला बसलो. हे मी जरा सावकाश सांगतो कारण हे अजून डोळ्यांसमोर आहे. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचं शीत, बांगड्याचं हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, तिरफळं घातलेलं, तळलेले मोरी माशाचे तुकडे, सोलकढी वाटीत. हुमण अगदी चुलीवरून उतरवलेलं. हिरो खाली मांडी घालून बसलेला, पानावर वाकला, आणि ती वाफ वर आली. आधीच घाम. मला दिसलं की मिशीचं डावं टोक सुटलंय. मी खाकरलो. त्याला वाटलं मला ठसका लागला, त्याने पाणी पुढे केलं. मिशी तोपर्यंत एका बाजूला लोंबायला लागली, पायपुसण्याच्या सुटलेल्या दोऱ्यासारखी, आणि पुढच्या घासाला ती सरळ पानात, हुमणात. वर तिरफळ.

वाढायला अध्यक्षांची म्हातारी आई होती. वाकून बघितलं तिने आणि अगदी मायेने म्हणाली, “पुता, मिशी पडली मरे तुजी हुमणांत.”

आणि हा मुंबईचा डायरेक्टर, पाच हजार रुपयेवाला, मान वर न करता म्हणाला, “व्हय गे आये.”

पंगत गप्प. डोक्यावरचा पंखा तेवढा चालू. मी मनातल्या मनात फोंड्याच्या बसचा टाइम बघायला लागलो. हिरोचे सगळे शब्द संपलेले, तो माझ्याकडे बघतोय, मी पानाकडे. आणि तेव्हा प्रॉम्प्टर बोलला. नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात नव्हे, चक्क मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणाला, “सर शूटिंगवरून थेट बसमधे बसले हो. मेकअप उतरवायला वेळच मिळाला नाही. रोल गोव्याच्या माणसाचा आहे म्हणून गेला महिनाभर कोंकणी पाठ करतायत.”

शूटिंग! अध्यक्षांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मिशी खोटी निघाली म्हणून आमचा डायरेक्टर जास्त खरा झाला. पंगतीतल्या एकाने तर विचारलं हिरॉइन कोण.

सिनेमात दाढीचं असंच होतं म्हणून तर मी लॅपटॉपसमोर गडबडा लोळलो. गेस्टापोला खऱ्या प्रोफेसरचं प्रेत सापडतं, मग ते टुराला त्या प्रेताबरोबर एका खोलीत सोडतात, आता बघू काय करतो. टुरा शांतपणे प्रेताची दाढी भादरतो आणि खिशातली जादा खोटी दाढी त्याला चिकटवतो. मग एरहार्टलाच ती ओढायला लावतो. ओढली, हातात आली, म्हणजे मेलेला तोतया आणि जिवंत तो खरा! एरहार्ट माफी मागतो. डाव जिंकलेला आहे. आणि मग टुराला वाचवायला म्हणून त्याच्याच कंपनीतले नट जर्मन ऑफिसर बनून आत घुसतात, पुढे तो रविच, कंपनीतला सगळ्यात मोठा ओव्हरअॅक्टर, आणि सगळ्यांसमोर टुराची खोटी दाढी उपटतो. जिंकलेला डाव आपल्याच माणसाने घालवायचा, टाळीच्या वाक्यासाठी. कुठलीही नाटक मंडळी घ्या, पोलंडची घ्या की फोंड्याची.

मला मात्र सिनेमात टुरापेक्षा ग्रीनबर्ग आवडला. हा भाला धरणारा. हॅम्लेटमधे भाला घेऊन मागे उभा राहतो आणि आयुष्यभराचं स्वप्न एकच, शेक्सपिअरचा तो ज्यू सावकार शायलॉक करायचा. आम्हाला डोळे नाहीत का, ते भाषण तो विंगेत आपल्या जोडीदाराला म्हणून दाखवतो. युद्ध येतं, शहर मोडून पडतं, बर्फात फावडी घेऊन दोघं उभे, तिथे परत तेच भाषण म्हणतो, हळू आवाजात. आणि शेवटी नाझींनी भरलेल्या थिएटरच्या बाहेरच्या हॉलमधे, खऱ्या बंदुका समोर असताना, खोट्या हिटलरसमोर उभा राहून ते तिसऱ्यांदा म्हणतो, कारण कटात त्याचं कामच ते असतं, गोंधळ करायचा. शायलॉक मिळतो त्याला, पण असा. तिथे टाळी नाही. मी तिथे हसायचा थांबलो आणि मला आमचा प्रॉम्प्टर आठवला, पानावर बसून मोठ्याने बोलणारा. तेवढंच एक वाक्य त्याने आयुष्यात लोकांसमोर म्हटलं, तेही स्वतः लिहिलेलं. गेल्या साली वारला तो. स्मशानात हिरो म्हणाला, आता अडकलो तर काय करायचं.

असो. तालमी सुरू झाल्या. दाढी-मिशी अर्थातच गेली, शूटिंग संपलं म्हणून सांगितलं. हिरो खुर्चीत गॉगल लावून बसायचा आणि शिवाजी मंदिर म्हणायचा, खरं शिकवायचा प्रॉम्प्टर, कोणी कुठे उभं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, तलवार प्रेक्षकांच्या बाजूच्या हातात का धरायची नाही. गाववाले हुशार निघाले. त्यांचा बाजीप्रभू पोस्टमन होता, चालून चालून पाय असे मजबूत की खिंड त्याला शोभायची. आणि सरळ, थोडक्यात मरायचा. मला त्याचं मरण फार आवडायचं, पाचवी तोफ, एक श्वास, संपलं. हिरोला ते बघवायचं नाही. “थोडं भरा हो त्यात,” म्हणायचा.

जत्रेच्या दिवशी दुपारी पोस्टमनचा घसा बसला. पूर्ण. पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, मोठ्याने बोली लावत होता म्हणे, एका नारळाच्या घडासाठी. तोंडातून नुसती हवा. खाज्याच्या दुकानापासून मांडवापर्यंत बातमी पोचायला पाच मिनिटं लागली, आणि कमिटी हात जोडून हिरोसमोर उभी, सर आता तुम्हीच. हिरो नको नको म्हणाला, दोनदा. प्रॉम्प्टर त्याच्या कानात म्हणाला, लवकर मर. एवढंच. लवकर मर.

पहिला अंक, दुसरा अंक व्यवस्थित. तिसऱ्यात खिंड. मी मांडवामागे, पाच बाँब ओळीने मांडलेले, हातात उदबत्ती. एक, दोन, तीन, चार. प्रॉम्प्टरने विंगेतून टॉर्च हलवला, पाचवा. धाड. आणि शांतता पाहिजे तिथे हिरोचा आवाज. महाराजांना निरोप. मग मातीला. मग तलवारीला. भजीच्या दुकानाकडे गेलेले लोक परत यायला लागले, अजून चालू आहे होय. उठला, पडला, परत अर्धा उठला. विंगेत टॉर्च वेड्यासारखा हलत होता. आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी, शेजारच्या गावचा पाहुणा असणार, ओरडला, “अरे, हो तो मरपी मरे!” म्हणजे अरे, हा तर तोच मरणारा!

मांडवभर हशा. मग टाळ्या. हिरोने मेलेल्या अवस्थेत डोळा उघडून बघितलं, मी स्वतः पाहिलं.

आपल्याकडे नाटक चालू असतानाच माईकवरून बक्षिसं जाहीर होतात ते माहीत असेल. पडदा पडला आणि अनाउन्सरचा आवाज, बाजीप्रभूच्या भूमिकेवर खूश होऊन कमिटीच्या अध्यक्षांकडून 101 रुपये, फोंड्याच्या कलाकाराला. मुंबईच्या नाही. फोंड्याच्या. मी उदबत्ती हातात धरून तसाच उभा.

पहाटे पैसे घ्यायला आम्ही तिघं बलकावावर, मान खाली. अध्यक्षांनी पाकीट दिलं, काही बोलले नाहीत. बसल्या जागी उघडलं. पाच हजार पूर्ण होते. सोबत आमचंच खर्चाचं बिल, त्यातली मुंबई-गोवा जाण्यायेण्याची ओळ लाल पेनने खोडलेली आणि खाली लिहिलेलं, फोंडें, तीन तिकिटी. तेवढी नाणी एका कागदाच्या पुडीत बांधलेली.

आम्ही उठलो. पायऱ्या उतरलो सुद्धा. आणि हिरो वळला. मी त्याचा शर्ट ओढला, प्रॉम्प्टरने ओढला, पण नाही.

“भाई,” त्याने विचारलं, या वेळी सरळ कोंकणीत, “काल मरप कशें जालें?”

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, जणू अजून मोजतायत. “सुदारणा आसा,” म्हणाले. “वीस मिंटां.”